बुटाचा पाय

साताऱ्याचं दगडी मैदान बांधलं कुस्त्यांसाठी, पण शहराने ते कुस्त्यांपुरतं कधी राहू दिलं नाही. प्लेगाच्या साली टोचून घ्यायच्या रांगा तिथे लागल्या, चाळीस साली लष्करभरतीवाल्यांनी पोरांच्या छात्या तिथेच मापल्या, त्रेचाळीसच्या टंचाईत रेशनची किडकी ज्वारी तिथेच वाटली, आणि सभा तर इतक्या झाल्या की पायऱ्यांच्या दगडांनाही भाषणं पाठ झाली असतील. बारा पायऱ्या, सहा हजार माणूस. त्या पायऱ्यांवर बसून शेंगा खा, विड्या ओढा, शेजाऱ्याशी भांडा, जोतिबा खराडे वस्ताद चकार शब्द काढत नसत. मधल्या हौदाची गोष्ट वेगळी होती. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेल्या तांबड्या मातीचा तो कुस्तीचा हौद म्हणजे वस्तादांचं देवघर. तिथे पायताण चालत नसे. भरतीच्या गोऱ्या साहेबालाही त्यांनी काठावर थांबवून बुटाचे बंद सोडायला लावले होते.

मग बेचाळीसचा भादवा आला. सभेवर लाठी चालली, शिपाई बुटांनिशी हौदात उतरले आणि वस्तादांच्या सतरा वर्षांच्या आकारामने त्या मातीत पालथं पडून मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी हौदातली सगळी माती उपसली, आठ गाड्या भरून माहुलीला नदीत सोडली आणि मेढ्याच्या अंगाने नवी माती आणून घातली. आपल्या हयातीत ह्या हौदात बुटाचा पाय पुन्हा पडणार नाही, असं ते चारचौघांत बोलून बसले. वस्ताद कमी बोलत, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं एखादं वाक्य लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

आता सत्तेचाळीसचा ऑगस्ट उजाडला होता आणि ते वाक्य घरातल्याच माणसाला आडवं आलं होतं.

शुक्रवारी सकाळी मैदानात झेंडा चढायचा होता. कमिटीचे चिंतामणराव वकील मोठे हौशी गृहस्थ. झेंड्याची काठी सहा हजारांना दिसली पाहिजे म्हणून ती हौदाच्या मधोमध रोवायची, आणि नव्या झेंड्याला पहिली सलामी खऱ्या सैनिकांनी द्यायची, असं त्यांनी ठरवलं. काठी रोवायला वस्तादांनी आपणहून जागा करून दिली. सलामीला अकरा पेन्शनर जमले. हौदाभोवती हातभर रुंदीचा कट्टा, त्यापुढे लगेच पायऱ्या. तेव्हा सलामी द्यायची ती हौदातच उभं राहून. वस्तादांनी निरोप पाठवला की पायताण काढून या. दहा जणांनी मान डोलावली. त्यांतले निम्मे ह्याच मातीत लहानाचे मोठे झाले होते.

अकरावा माणूस सुभेदार नाथाजी खराडे, वस्तादांचा धाकटा भाऊ. हुकूम द्यायचा तो त्यानेच. आणि तो म्हणाला, बूट निघणार नाहीत.

*

गुरुवारी दुपारी नाथाजी आणि त्याची बायको विजयमाला सांगलीहून आली. सातारारोडला गाडीतून उतरून पुढे मोटारीने, अंगावर भुरभुर पाऊस घेत. मैदानामागच्या चार खोल्यांच्या घरात वस्तादांच्या बायकोने, चंद्राबाईंनी, सकाळपासून पुरण घातलं होतं. दीर घरात शिरला, वहिनीच्या पायाशी वाकला आणि सोप्यातल्या एकुलत्या एका खुर्चीवर जाऊन बसला. बूट पायांतच.

चंद्राबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं तोंड आंबलं. त्या ह्या घरात आल्या तेव्हा नाथाजी आठ वर्षांचा होता. त्याच्या नाकाला पदर त्यांनी लावला होता आणि पुढे त्याच्या खुराकाचे बदाम उगाळून उगाळून त्यांच्याच तळहाताला घट्टे पडले होते. लढाईवरून आल्यापासून दोन वर्षांत त्याच्या चार खेपा झाल्या, चारही खेपा बुटात. सांगलीला मोटारीच्या डेपोत स्टोअरकीपर झाला, ठीक आहे. म्हणून काय घरच्या जमिनीला पाय लावायचा नाही? पंगतीला सगळे पाटावर, हा खुर्चीवर. झोपायला कोपऱ्यातली खोली, दाराला आतून कडी. आंघोळ कधी करतो ते देवाला माहीत. चंद्राबाईंनी स्वतःशी निकाल लावून टाकला होता, की पोर साहेब झालं.

जेवणं होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. विषय काढला आकारामने. बावीस वर्षांचा झाला होता, खांद्यावरचा लाठीचा वण अजून मिरवत होता आणि उद्याच्या समारंभाची निम्मी धावपळ त्याच्याच अंगावर होती. काकांनी हट्ट धरलाय हे सबंध पेठेला कळलंय, असं त्याने आधी गोडीत सांगून पाहिलं. नाथाजीने तोंड फिरवलं, तसा आकारामचा आवाज चढला.

"काका, ज्या बुटांनी मला तुडवलं, तसलेच बूट हायती हे. इंग्रजाचे. त्यो चालला आन् तुमी त्येचे बूट घालून झेंड्याला सलाम ठोकणार?"

"बूट इंग्रजाचे हायती," नाथाजी म्हणाला. "पाय माझे हायती."

"मग दावा की पाय."

नाथाजीचा चेहरा एकदम उतरला. चंद्राबाईंना वाटलं, राग आला. विजयमाला स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, तिने चौकट घट्ट धरली. पण हे कुणी पाहिलं नाही.

जोतिबा वस्ताद इतका वेळ पाटावरच बसून होते. साठीला आलेला माणूस, कान मोडलेले, मान अजून तशीच जाड. धाकट्यावर त्यांनी आवाज कधीच चढवला नव्हता, आताही चढवला नाही. ते एवढंच म्हणाले की तुझ्या पलटणीची रीत तुला, माझ्या हौदाची रीत मला. वर्दीला बूट लागत असतील तर वर्दी काढून धोतरावर ये, पैलवान म्हणून ये. सात वर्षं झाली, तू मातीला पाय लावलेला नाहीस.

"मला जमायचं न्हाई, दादा."

"का?"

नाथाजीने बुटांचे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मग उद्याच्याला यिऊ नगंस," वस्ताद म्हणाले. ते उठले आणि हात धुवायला जाता जाता त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "आन् ज्या घरात बूट काढायला जमत न्हाई, त्या घराचा उंबराबी चढू नगंस."

उद्या सकाळच्या पहिल्या मोटारीने परत जाऊ, असं नाथाजीने भिंतीकडे बघत बायकोला सांगितलं आणि कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली.

*

विजयमालाने खरकटी काढली, भांडी घासली आणि शेवटी चुलीपाशी बसकण मारली. चंद्राबाईंचं तोंड मात्र चालूच होतं. त्यांचा राग असा, की तो जेवढा खरा असे तेवढा लांबे. एवढं वाढवलं ते ह्यासाठी का, थोरल्यांनी स्वतःच्या कुस्त्या सोडून धाकट्याला उभं केलं ते ह्यासाठी का, आणि तू बायको म्हणून दोन शब्द सांगू नयेस का.

"आक्का, त्येंनी मला शपथ घातलीया," विजयमाला म्हणाली.

चंद्राबाई थांबल्या. शपथ हा शब्द आला की बाई आपोआप हळू बोलायला लागते. कसली शपथ, त्यांनी विचारलं. विजयमाला सांगेना. डोळ्यांतून पाणी मात्र गळायला लागलं, आणि मग ती उठली. कोपऱ्यातल्या खोलीबाहेर परेडचा जोड काढून ठेवला होता, सकाळसाठी चकचकीत करून. घालायचा आता प्रश्नच नव्हता, पण सवयीने केलेला. त्यातला उजवा बूट तिने उचलला, पदराखाली धरला आणि आणून चंद्राबाईंच्या मांडीवर ठेवला.

"सांगायचं न्हाई, अशी शपथ हाय," ती म्हणाली. "हे मी सांगितलं न्हाई. थोरल्यास्नी द्या."

थोरल्या दिराशी विजयमाला अकरा वर्षांत एक अक्षर बोललेली नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्यासमोर यायचं नाही, बोलायचं ते जावेच्या तोंडून, ही घरची चाल. चंद्राबाईंनी बुटात हात घातला. पुढच्या टोकाला बोटं अडली. ओढून काढलं तर हाताच्या मुठीएवढी एक शिवलेली उशी निघाली, घामाने काळवंडलेली, एका बाजूने पावलाच्या आकाराला दाबली गेलेली. वरचं कापड हिरवं इरकल होतं. विजयमालाच्या लग्नात चंद्राबाईंनीच दिलेलं लुगडं.

त्यांना आधी काहीच उमगलं नाही. मग उमगलं, आणि त्या बूट घेऊन तशाच परसात गेल्या.

वस्ताद परसात बाजेवर बसून मोळीची दोरी वळत होते. हातात बूट दिसला तसे त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चंद्राबाईंनी उशी त्यांच्या तळहातावर ठेवली. आतून दाराला टेकून विजयमाला उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या.

वस्तादांनी ती उशी उलटसुलट फिरवून पाहिली. हे पाऊल त्यांच्या हातांना पाठ होतं. वीस वर्षं रोज संध्याकाळी ते त्यांनी तेलाने रगडलं होतं. टाचेपासून सुरू करायचं, चवडा, मग एकेक बोट ओढून मोडायचं. आता चवडा जिथे संपायचा तिथून ही उशी सुरू होत होती. त्यांनी बूट घेतला, आत हात घालून खात्री केली, पुन्हा उशी जागच्या जागी बसवली.

"कुठं झालं?" त्यांनी दाराकडे न बघता विचारलं.

"इटलीत, म्हनं," चंद्राबाई म्हणाल्या, कारण आतून तसं हळूच सांगितलं गेलं होतं. "डोंगरावर बर्फात सोळा दिस. बोटं काळी पडली. पाचीबी काढली."

"मला कागद आल्ता का त्येचा?"

"ताप आलाय आन् दवाखान्यात हाय, असा आल्ता."

वस्तादांनी मान हलवली. चाळीस साली ह्याच मैदानात छाती मापून नाथाजी भरती झाला, तेव्हा ते आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. नवव्या दिवशी स्टेशनावर जाऊन बोलले ते एकच वाक्य. काय बी गमव, पर पाय घिऊन ये, पैलवान पायावर असतो. लाडाने बोलायची त्यांची तीच तऱ्हा होती. ते वाक्य पोराने सात वर्षं उराशी धरलं आणि आपल्यापुढे बूट काढला नाही. वस्तादांना आपल्याच जिभेची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर त्यांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"धाकटीला सांग," ते म्हणाले, "शपथ मोडली न्हाई म्हनावं तिनं. बूट हुता तिथं ठेव. म्या बगितला न्हाई."

*

आकाराम मैदानात पताका बांधत होता, तेवढ्यात वस्ताद, त्याचे आबा, खांद्यावर टिकाव घेऊन आलेले त्याला दिसले. माती उपसायची, त्यांनी सांगितलं. सगळी. दिवस मावळायच्या आत.

आकारामला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हौदाची माती वर्षातून एकदा निघे, नागपंचमीआधी. पंचमीला जमीन खणायची नाही, त्या दिवशी हौदाची पूजा. म्हणून आधीच्या चार दिवसांत जुनी माती काढून मळून, नवी हळद-ताक घालून परत भरायची. यंदा अधिक श्रावण आलेला. अधिक उद्या-परवा अमावास्येला संपणार, पंचमी पुढच्या गुरुवारी. अधिकात हौदाला कुणी हात लावत नाही, हे आबांनीच त्याला शिकवलं होतं.

तेच त्याने आबांना सांगितलं. वस्ताद काठीच्या बुडाशी जाऊन पहिला घाव घालत म्हणाले, "माती भाईर काढली, का मग ह्यो हौद न्हाई. नुस्ता खड्डा. खड्ड्यात बुटानं उतरलं तर कुणाला काय?"

आकाराम बघतच राहिला. म्हणजे सगळ्या गावासमोर बोललेला शब्द आबा असा वळसा घालून मोडणार. कोणासाठी, तर ज्याने आज दुपारी तोंड वर करून नाही म्हटलं त्याच्यासाठी. त्याला इतकं लागलं की तो आबांना पहिल्यांदा उलट बोलला. माझ्या पाठीवर बूट पडले तवा तुमी माती नदीत टाकली, आज भावासाठी स्वतःच बाहेर काढता व्हय, असं म्हणाला.

"व्हय. भावासाठी," वस्ताद म्हणाले. "घमेलं आण."

त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोराने आनंदाने घमेली उचलली असती. पण नाथाजीची गोष्ट नाथाजीची होती, तिच्यावर वस्तादांचा हक्क नव्हता. मग तालमीतली आठ पोरं आली, बापलेक एकमेकांशी न बोलता उपसत राहिले आणि दिवेलागणीपर्यंत तांबड्या मातीचा ढीग ताडपत्रीखाली एका बाजूच्या खालच्या पायऱ्यांवर लागला. पायऱ्यांवर बघ्यांची गर्दी होती. वस्ताद वाकला, असं कुणीतरी बोललं. ते वस्तादांनाही ऐकू गेलं.

*

सकाळी नाथाजी वळकटी बांधून तयार होता. पहिली मोटार सहाला. आकाराम दारात येऊन उभा राहिला आणि पाढा म्हणावा तसा निरोप म्हणून गेला. आबा म्हणाले, हौद रिकामा आहे, खाली नुसती जमीन आहे, बूट घालून या. हुकूम तुम्हीच द्यायचा.

नाथाजी खाली बसला. अधिकात, पंचमीच्या आधी, दादाने माती काढली? त्याने बायकोकडे पाहिलं. विजयमाला वळकटीची दोरी सोडत होती. तिने वर पाहिलं नाही, आणि त्याला कळलं. पहिल्यांदा राग आला. मग तो रागही धरवेना. दादाला कळलं आणि दादाने काहीच म्हटलं नाही, विचारलं नाही, नुसती माती काढली. त्याला एकदम फार हलकं वाटलं, आणि फार लाजही वाटली.

मैदान असं भरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पायऱ्या पुरल्या नाहीत, तटावर माणसं चढली. कुस्त्यांना ज्या कधी आत येत नसत त्या बायका त्या दिवशी पूर्वेच्या पायऱ्यांवर बसल्या, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट. अकरा पेन्शनर रिकाम्या हौदात उतरले. सगळ्यांच्याच पायांत बूट होते. नाथाजीचा हुकूम पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला, झेंडा वर गेला, भुरभुर पावसात थोडा चिकटला आणि मग सुटला. वकील रडत होते. जोतिबा वस्ताद ढिगाशेजारी अनवाणी उभे होते, कानाच्या पाळीला हात लावून. देवाला आणि मातीला ते असाच हात लावत.

भाषणं झाली, पोरांना पेढे वाटले, गर्दी पांगायला लागली. काठी काढून तटावर रोवली. मग वस्तादांनी ताडपत्री ओढली आणि माती परत भरायला लावली. ताकाचे हंडे ओतले, हळद टाकली. नव्याने भरून सारखी केलेली माती, एक ठसा नसलेली. अशा मातीत पहिलं पाऊल घरच्या पैलवानाचं पडायचं, मग बाकीच्यांनी तुडवायची. सात वर्षं ते पाऊल वस्ताद स्वतः टाकत आले होते.

पेन्शनर निघून गेले होते. नाथाजी गेला नव्हता. तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता, आणि पायऱ्यांवर अजून दोन-तीनशे माणूस होतं. वस्ताद त्याच्याजवळ आले, पण वाट पाहत थोडे दूरच थांबले. ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

नाथाजीने खाली वाकून डावा बूट काढला, उजव्या बुटाचे बंद सोडले. मग मोजा काढला.

विजयमाला पूर्वेच्या पायऱ्यांवर चंद्राबाईंशेजारी होती. दिवसाउजेडी नवऱ्याचं ते पाऊल तिनेही पाहिलं नव्हतं. कुणीतरी बाई हळहळली. चंद्राबाईंनी त्या बाईकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

"दादा, पाय घिऊन ये म्हनला हुता," नाथाजी म्हणाला. "अर्दाच आणलाय."

वस्ताद त्याच्यापुढे उकिडवे बसले. रोज संध्याकाळी बसत तसे. पाऊल दोन्ही हातांत धरलं, टाचेपासून चवड्यापर्यंत अंगठा फिरवला. चवडा संपला तिथे अंगठा थांबला, आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"चल, उतर," ते म्हणाले. "माती वाट बगतीया."

वस्तादांनी हात दिला नाही, नाथाजीने मागितलाही नाही. तो आपला आपण हौदात उतरला, मातीची चिमूट कपाळाला लावली आणि चालला. डाव्या पावलावर सरळ, उजव्यावर किंचित झुकून. मध्यापर्यंत गेला आणि तिथे उभा राहून त्याने मांडीवर थाप मारली. पायऱ्यांवरचे लोक उठून उभे राहिले. कुणी ओरडलं नाही.

आकाराम पायरीपाशी पडलेल्या बुटांकडे बघत होता. उजव्यातून हिरवी उशी अर्धी बाहेर आली होती. ती त्याने आत सारली, दोन्ही बूट उचलले आणि छातीशी धरून उभा राहिला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो आबांकडे बघेना.

तालमीतलं पोर फळी घेऊन पुढे आलं. ठसे पुसून माती सारखी करायची, ही रोजची रीत. हौदात एक आख्खं पाऊल, एक अर्धं, परत आख्खं, परत अर्धं, अशी रांग मध्यापर्यंत गेली होती.

"फळी ठेव खाली," वस्ताद म्हणाले. "पंचमीपत्तूर हात लावायचा न्हाई कुणी."